मुठीतली चांदी

आधी तो रुमाल खिशात ठेवा. नाक झाकून चालणारा माणूस इथे परका म्हणून लगेच ओळखू येतो, आणि परक्याचा खिसा सगळ्यांत आधी कापला जातो. १७२२ सालचा जून महिना आहे, गाव लंडन. तुम्ही क्लार्कनवेलच्या उतारावर उभे आहात. खाली फ्लीट नावाची नदी वाहते म्हणतात. तुम्हाला दिसतो तो काळा, जाडसर नाला, त्यात कमावलेल्या कातड्यांचं पाणी, घरोघरची घाण आणि फुगून वर आलेलं कुत्रं. डोक्यावर दगडी कोळशाच्या धुराचा पडदा आहे. पायाखाली शेण, घोड्यांची लीद, भाजीचा पाला. मागून गुरांचा कळप स्मिथफील्डच्या बाजाराकडे हाकला जातोय, तेव्हा भिंतीला पाठ लावा आणि पोट आत घ्या.

गेली सगळी? चला आता. सगळे जिकडे चाललेत तिकडेच आपल्याला जायचंय.

त्या जागेचं नाव हॉकली-इन-द-होल. एरवी इथे अस्वलावर कुत्री सोडतात, बैलावर कुत्री सोडतात, आणि त्या रक्ताचा वास लाकडात मुरलेला आहे. धुऊन जाणारा नाही तो. मधे फळ्यांचा उंच मंच, भोवती बाकं, आणि बाकांवर गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला जमावी तशी सरमिसळ गर्दी: खाटीक, हमाल, घड्याळांची चाकं कातणारे कारागीर, पावडर लावलेले विग घातलेले साहेब आणि त्यांच्या खिशांवर नजर ठेवणारी पोरं. एक बाई टोपलीतून संत्री विकतेय. दुसरी जिन विकतेय. घोटभर घेऊन बघा. घशात जाळ झाला ना? इथली माणसं ही पाण्यासारखी पितात.

आज पुरुष लढणार नाहीत. क्लार्कनवेलच्या एलिझाबेथ विल्किन्सनने न्यूगेट मार्केटच्या हॅना हायफील्डला वर्तमानपत्रातून जाहीर आव्हान दिलंय. दोघींची काहीतरी बाचाबाची झाली, त्याचा हिशेब मंचावर व्हावा, असं तिचं म्हणणं. पैज तीन गिनींची. हॅनाने उत्तरही छापून दिलं की देवाच्या कृपेने मी बोलेन कमी आणि ठोसे जास्त देईन. दारूच्या गुत्त्यात कुणीतरी हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो आणि अक्षरओळख नसलेले लोक तो पाठ म्हणतात.

त्या मजकुरात एक अट आहे. ती कळण्यासाठी हात पुढे करा. हे घ्या, अर्धा क्राउन. चांदीचं नाणं, वजनाला जवळपास सव्वा तोळा. दुसऱ्या हातातही एक घ्या. आता मुठी घट्ट वळा आणि माझे केस ओढून बघा. जमत नाही. ओरबाडताही येत नाही, डोळ्यांत बोटं घालता येत नाहीत, कपडा धरून फाडता येत नाही. त्यासाठी मूठ उघडावी लागते, आणि जिच्या हातून नाणं आधी पडेल ती हरली. तीन गिनी गेल्या, म्हणजे घरकाम करणाऱ्या मुलीची कित्येक महिन्यांची कमाई गेली.

मुष्टियुद्धाच्या इतिहासात मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट कोणती असेल तर ही अट. जॅक ब्राउटनचे नियम यायला अजून एकवीस वर्षं आहेत. हातमोजे नाहीत, ठरावीक वेळाच्या फेऱ्या नाहीत. पुरुषांच्या लढतीत गळा धरणं, केस धरणं, आदळणं सर्रास चालतं. आणि बायका भांडल्या की त्या झिंज्याच ओढणार, कपडेच फाडणार, आणि ते पाहायलाच आपण आलोय, अशी निम्म्या बाकांची खात्री आहे. क्लार्कनवेलच्या या बाईच्या नावाने निघालेल्या चार ओळींनी ती सगळी मजाच काढून घेतली. मुठी मिटलेल्या राहतील, आणि मिटलेल्या मुठीने जे करता येतं तेच तुम्हाला बघायला मिळेल.

आल्या बघा. हाका, शिट्ट्या, एक कुजकं संत्रं मंचावर येऊन फुटतं. मग पहिला ठोसा बसतो, आणि त्याचा आवाज तुम्ही समजला होतात तसा नसतो. हाडावर हाड बसल्याचा कोरडा, आखूड आवाज. नाणं मुठीत असलं की मूठ दगडासारखी होते, आणि दुखतं दोघींना, मारणारीलाही. दोघींच्या पाठीला कपडे घामाने चिकटलेत. मघाशी शिट्ट्या मारणारा हमाल आता गप्प आहे. त्याचे स्वतःचे हात मुठी वळून छातीपाशी आलेत आणि त्याला ते कळलेलंही नाही.

तेवढ्यात तुमच्या पुढ्यातला विगवाला उभा राहतो. सरका हो! अहो, खाली बसा! काही दिसत नाही. फळ्यांवर चांदी वाजल्याचा आवाज तेवढा येतो आणि मग अख्खं आवार ओरडतं.

गर्दी तुम्हाला उचलूनच बाहेर नेते. कुणाचं नाणं पडलं ते विचारत बसू नका, पुढचं तुम्हाला दिसेलच. पुढच्या आठवड्यात 'लंडन जर्नल' लिहितं की बायका अशा लढतात हे आजवर ऐकिवात नव्हतं, पण या दोघी बराच वेळ मोठ्या धीराने लढल्या आणि बघणाऱ्यांना भरपूर समाधान मिळालं.

आता डोळे मिटा. मधली काही वर्षं भरभर जाऊ द्या. फक्त एकदा थांबू, कारण ढोल वाजतोय. लढतीच्या आधी लढवय्ये उघड्या तलवारी घेऊन रस्त्यातून मिरवत जातात आणि मागून पोरं पत्रकं वाटत येतात. तुमच्या हातात पडलेल्या पत्रकात रॉबर्ट बार्कर आणि मेरी वेल्श या आयर्लंडच्या जोडीने जेम्स आणि एलिझाबेथ स्टोक्स या जोडप्याला ललकारलंय. हो, तीच एलिझाबेथ. आता ती मिसेस स्टोक्स आहे, इस्लिंग्टनच्या रस्त्यावर नवऱ्याचा स्वतःचा आखाडा आहे, आणि ती तलवारही चालवते. त्या तलवारींना धार असते. जखम झाली तर टाके तिथेच घालतात, घोटभर दारू पाजतात आणि लढत पुढे सुरू होते. ऑक्सफर्ड रोडकडे जेम्स फिगचा आखाडा आहे, आणि मुष्टियुद्धाचा जनक म्हणून पुस्तकं पुढे त्याचंच नाव घेतील. एलिझाबेथ त्याच काळात, त्याच शहरात, त्याच प्रेक्षकांच्या पैशावर घर चालवत होती. तिला तळटीपेत ढकललं याचा मला राग येतो, आणि तुम्ही स्वतः येऊन पाहिल्यावर तुम्हालाही यावा अशी इच्छा आहे.

उतरा आता. १७२८चा ऑक्टोबर आहे, जागा इस्लिंग्टन रोड. हवा बघा किती बदलली. कापलेल्या गवताचा, गाईंचा, ताज्या दुधाचा वास आहे. शहराला दूध इकडूनच जातं. दुपारी एकला दार उघडलंय, लढत चारला. तोवर मंचावर नेहमीप्रमाणे सोट्यांचे खेळ चाललेत, लाकडावर लाकूड कडकडतंय. बाकावर जागा धरा आणि उठू नका, उठलात की गेली.

आजचं आव्हान उलट दिशेने आलंय. स्टोक न्यूइंग्टनची अ‍ॅन फील्ड, गाढवं हाकणारी. हसू नका; गाढविणीचं दूध इथे आजाऱ्यांना देतात, दारोदार नेऊन समोर पिळून देतात, आणि ते काम करणाऱ्या बाईचे दंड कसे होतात ते आता दिसेलच. स्वतःला युरोपची चॅम्पियन म्हणवणाऱ्या मिसेस स्टोक्सने आपला अपमान केला, असं तिने छापलंय. पैज दहा पौंडांची. पडली तर उठू द्यायचं, हा नियम.

एलिझाबेथचं उत्तर लोक एव्हाना तोंडपाठ म्हणतायत. बिलिंग्जगेटच्या नामांकित ठोसेवालीशी मी एकोणतीस मिनिटं लढले आणि पूर्ण जिंकले, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ठोशांची लढत केली नाही, असं ती सरळ सांगते. आणि पुढे बजावते की फील्डबाई आपल्या गाढवांना जे रट्टे घालते, त्यापेक्षा माझे ठोसे पचायला फार जड जातील.

तुमच्या डाव्या हाताला बसलेल्या बाईच्या अंगाला मासळीचा वास येतोय. बिलिंग्जगेटच्या बाजारातली आहे, आणि त्या बाजाराच्या तोंडाला सगळं लंडन घाबरतं.

"आमच्याच बाईला हरवलंय हिनं," ती म्हणते. "आज मी हिच्याच बाजूनं आले. हिनं हरवलेली आमची बाई कमी नव्हती, हे दिसायला नको लोकांना?"

सोटेवाले उतरले. कुणीतरी फळ्यांवर भुसा टाकून सारखा करतंय. चार वाजले. एलिझाबेथ वर येते. अंगाला घट्ट बसलेलं जाकीट, गुडघ्याच्या जरा खाली पोहोचणारा परकर, पांढरे मोजे, सपाट बूट. पाय अडकू नये, हात मोकळा फिरावा, एवढाच विचार करून घातलेला पोशाख. ती कुणाकडे बघून हसत नाही. मंचाच्या फळ्या एकदा पायाने दाबून बघते, कुठली हलते, कुठली घट्ट आहे. समोरून अ‍ॅन फील्ड येते, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि मागची बाकं गाढवासारखी ओरडायला लागतात.

ढोल थांबतो. एलिझाबेथ डावा पाय पुढे टाकते, मुठी वर जातात, आणि मासळीवाली तुमच्या बरगडीत कोपर मारते: "गप काय बसलात? ओरडा की!"