मुकादम, मॅनेजर आणि कायदा

वरिष्ठाचा जाच ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी नोकरीची किल्ली मुकादमाच्या हाती असे. भरती तोच करी, बदलीवाल्याला सकाळी दारावरून परतही तोच पाठवी, आणि दस्तुरीवाचून पुष्कळदा काम मिळत नसे. बायकांच्या खात्यात हाच अधिकार नाइकिणीकडे होता. अशा माणसाविरुद्ध दाद मागावी कोठे?

एकट्याला दाद नव्हतीच. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली, तीही सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या बळावर. 1934 च्या मोठ्या संपानंतर मुंबई सरकारने कायदा करून गिरणीकामगारांसाठी लेबर ऑफिसर नेमला. मुकादमाच्या डोक्यावरून तक्रार नेण्याची वाट तेव्हा प्रथम उघडली.

पुढे 1947 चा औद्योगिक विवाद कायदा आला. पण त्याचा कान समूहाकडे होता. एकाच कामगाराला काढले आणि युनियनने किंवा सोबत्यांनी त्याची बाजू उचलली नाही, तर तो 'औद्योगिक विवाद'च ठरत नसे. म्हणजे ज्याच्या भीतीने सोबती गप्प, त्याच्याचविरुद्ध सोबत्यांचा पाठिंबा आणा! ही अडचण 1965 साली 2-अ हे कलम घालून दूर झाली. 1971 साली आलेल्या 11-अ कलमाने, बडतर्फीची शिक्षा योग्य होती की नाही हे तपासून ती बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणास दिला.

महाराष्ट्राने 1971 साली केलेला आणि 1975 साली अमलात आलेला अनुचित कामगार प्रथांचा कायदा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. जाच करणाऱ्याच्या युक्त्या त्यात एकेक करून लिहिल्या आहेत: सूडबुद्धीने काढणे, खोट्या आरोपात गोवणे, घाईघाईची चौकशी, क्षुल्लक चुकीला भयंकर शिक्षा, आणि धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. एकट्याचा विवाद, शिक्षेची तपासणी आणि अनुचित प्रथांची यादी तिनेही राखली आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळासाठी 2013 चा स्वतंत्र कायदा असून दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तेथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्याकडे सामान्यतः तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते.

तरीही एक उणीव उरतेच. रोजची शिवी, चारचौघांतला पाणउतारा, मुद्दाम काढून घेतलेले काम यांचे नाव घेऊन केलेला सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. कायद्याला मेमो दिसतो, बदलीचा हुकूम दिसतो. सुरातला विखार दिसत नाही. आणि असा मॅनेजर सहसा बडतर्फ करीत नाही, तो राजीनाम्याची वाट पाहतो. रागाच्या भरात राजीनामा लिहून दिला, की तो जबरीने घेतला हे सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर येते. चांगली चांगली माणसे याच पायरीवर हरलेली आम्ही पाहिली आहेत.

म्हणून आमचे सांगणे थोडे आहे. राजीनामा लिहिण्यापूर्वी तक्रार लिहा. तारीख, वेळ, शब्द आणि तेथे हजर असलेल्यांची नावे नोंदवा, अर्जाची पोच घ्या आणि मुदत चुकवू नका. आणि जो शेजारच्या टेबलाशी बसून हे सारे ऐकतो, त्यालाही सांगणे आहे. 1965 पासून कायदा एकट्याचे ऐकतो खरा; पण साक्ष मात्र दुसऱ्यानेच द्यावी लागते.