जुना संच आणि नवा प्रकाश

दूरचित्रवाणीचा संच ही घरातील अशी वस्तू आहे की, ती एकदा दिवाणखान्यात आली म्हणजे निदान दहा-बारा वर्षे तिने हलू नये, अशी घरधन्याची इच्छा असते. दुकानदाराची इच्छा साहजिकच निराळी असते. या दोन इच्छांचा झगडा दूरचित्रवाणीइतकाच जुना आहे. २०१४ नंतर त्या झगड्याला एक नवे निमित्त मिळाले. एचडीआर या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी, चित्रातील उजेड आणि अंधार यांची मर्यादा वाढविणारी पद्धत बाजारात आली आणि पाठोपाठ एचडीआर-१०, डॉल्बी व्हिजन, एचएलजी, एचडीआर-१० प्लस अशी तिची भावंडेही आली. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : आमच्या जुन्या संचाला या नव्या पद्धतींचा काही उपयोग आहे काय?

या प्रश्नाला "नाही" असे एका शब्दात उत्तर देता येते, आणि ते बरेचसे खरेही आहे. तथापि इतिहासाकडे पाहिले म्हणजे हे उत्तर अपुरे वाटू लागते. जुन्या संचाला नव्याचा लाभ होतो की नाही, हे त्या संचाच्या काचेवर जितके अवलंबून असते, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, नवा संकेत ठरविणाऱ्यांनी जुन्या संचाची आठवण ठेवली होती की नाही यावर अवलंबून असते. हेच आम्हांला येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम जुन्या संचाची मर्यादा कोठून आली ते पाहू. पहिले संच काचेच्या मोठ्या नळीचे होते. त्या नळीला दिलेला विद्युतदाब दुप्पट केला तर पडद्यावरील प्रकाश दुप्पट होत नसे, तो पाचपटीच्या आसपास वाढे. हा नळीचा स्वभावच होता. म्हणून स्टुडिओतून निघणारा संकेत या स्वभावाला उलटा बाक देऊन पाठविण्याची रीत पडली. प्रकाश मोजण्याचे एक माप आहे, त्याला निट म्हणतात. एक चौरस मीटर पृष्ठभागातून एका मेणबत्तीएवढे तेज निघाले म्हणजे तो साधारण एक निट. स्टुडिओतील प्रमाण संचावर पांढऱ्यात पांढरा भाग १०० निटांचा धरला जाई. भर उन्हात ठेवलेला पांढरा कागद तीस हजार निटांच्या घरात जातो हे लक्षात घेतले, म्हणजे दूरचित्रवाणीने आपल्याला इतकी वर्षे सूर्य दाखविला तो किती मिणमिणता होता हे कळेल. पुढे नळी गेली आणि सपाट पडदे आले. त्यांच्या अंगी कितीतरी अधिक तेज होते. परंतु संकेत मात्र नळीच्या मापाचाच राहिला. बाप गेल्यावरही मुलाने त्याच्याच मापाचा अंगरखा घालावा, तसा हा प्रकार होता.

हा अंगरखा बदलण्याचा विचार सुरू झाला तेव्हा जुन्या संचांचे काय करावयाचे हा प्रश्न पुढे आला. पण तो नवा नव्हता. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत तो एकदा चांगलाच गाजला होता.

१९५० च्या ऑक्टोबरात तेथील दळणवळण आयोगाने सीबीएस या कंपनीची रंगीत पद्धत मंजूर केली. पीटर गोल्डमार्क या अभियंत्याने ती सिद्ध केली होती. तांबडा, हिरवा आणि निळा अशी तीन चित्रे एकामागून एक वेगाने पाठवावयाची आणि संचापुढे फिरणाऱ्या रंगीत चकतीने ती एकत्र भासवावयाची, अशी तिची युक्ती होती. चित्र सुरेख दिसे. दोष एकच होता, आणि तो प्राणघातक ठरला. चालू संच ५२५ रेघांचे होते, हा संकेत ४०५ रेघांचा आणि निराळ्या गतीचा होता. त्यामुळे वेगळा जोड बसविल्याशिवाय जुन्या संचावर या प्रक्षेपणाचे धड चित्रच उमटेना. आरसीए या प्रतिस्पर्धी कंपनीने न्यायालयात धाव घेतली. १९५१ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सीबीएसच्या बाजूने लागला. २५ जून १९५१ रोजी रंगीत प्रक्षेपण सुरूही झाले. पण लोकांच्या घरी तोवर एक कोटीहून अधिक कृष्णधवल संच होते, आणि त्यांच्या दृष्टीने हा कार्यक्रम नसल्यातच जमा होता. प्रेक्षक नाहीत म्हणून जाहिरातदार नाहीत, जाहिरातदार नाहीत म्हणून पैसा नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये कोरियन युद्धाच्या निमित्ताने रंगीत संचांची निर्मिती थांबविण्यास सरकारने सांगितले, आणि हे प्रक्षेपण चार महिन्यांत बंद पडले. न्यायालयात जिंकलेली पद्धत दिवाणखान्यात हरली.

यानंतर जी पद्धत आली तिने उलटा मार्ग धरला. फ्रान्समधील जॉर्ज व्हालांसी याने १९३८ सालीच एक कल्पना मांडून ठेवली होती : चित्रातील उजेड-अंधाराचा भाग वेगळा ठेवावा आणि रंगाची माहिती त्यावर वेगळी चढवावी. जुना संच पहिला भाग वाचील व दुसऱ्याकडे दुर्लक्ष करील. नवा संच दोन्ही वाचील. याच तत्त्वावरची एनटीएससी पद्धत १७ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेत मंजूर झाली. जुन्या संचाला सांभाळण्याची किंमतही मोजावी लागली. रंगाचा संकेत ध्वनीच्या संकेताशी भांडू नये म्हणून सेकंदाला ६० असणारी चित्रगती हजारात एक अंशाने उतरवून ५९.९४ करावी लागली. हा विचित्र आकडा अमेरिकेत आणि जपानात आजही चालू आहे. नळ्या गेल्या, कृष्णधवल संच गेले, पण त्यांच्यासाठी दिलेली सवलत मागे उरली.

आपल्या देशाला या शहाणपणाचे फळ आयते मिळाले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले. १९८२ साली स्वातंत्र्यदिनापासून आणि पुढे नोव्हेंबरातील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, तेव्हा महाराष्ट्रात कृष्णधवल संच येऊन दहा वर्षे झाली होती. आपण स्वीकारलेली पाल पद्धत जर्मनीतील वाल्टर ब्रुख याने सिद्ध केलेली. तिच्यातही उजेड आणि रंग वेगळे ठेवलेले होते. म्हणून रंगीत कार्यक्रम जुन्या संचावर करड्या छटांत का होईना, पण स्वच्छ दिसत राहिला. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन संच घेतला होता, त्या घराला कोणी "आता तो टाकून द्या" असे म्हटले नाही.

याखेरीज तिसराही एक मार्ग आहे. ब्रिटनमध्ये १९३६ पासून ४०५ रेघांचे प्रक्षेपण होते. १९६४ मध्ये ६२५ रेघांचे सुरू झाले. दोहोंचा मेळ बसणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी दोन्ही चालू ठेवली, आणि जुने प्रक्षेपण १९८५ च्या जानेवारीत पूर्णपणे थांबविले. म्हणजे जुन्या संचांसाठी वीस वर्षे दुहेरी खर्च सोसला.

तोडणे, सामावून घेणे आणि दोन चुली मांडणे असे हे तीन मार्ग झाले. एचडीआरच्या इतिहासात हे तिन्ही मार्ग पुन्हा दिसतात.

२०१४ साली डॉल्बी कंपनीच्या संशोधनातून निघालेली पीक्यू नावाची मोजणी प्रमाण म्हणून मान्य झाली. नळीचा स्वभाव बाजूस सारून माणसाचा डोळा किती सूक्ष्म फरक ओळखतो यावर ती आधारलेली आहे, आणि तिची मजल १०,००० निटांपर्यंत जाते. तिच्यावर उभारलेली एचडीआर-१० ही पद्धत २०१५ मध्ये जाहीर झाली. शास्त्र म्हणून ही मोजणी उत्तम आहे. परंतु जुन्या संचाची तिला पर्वा नाही. तो संकेत जसाच्या तसा जुन्या संचात घातला, तर चित्र फिकट आणि धुरकट दिसते, पूर्वीपेक्षा वाईट! हा सीबीएसचा मार्ग झाला.

त्याच सुमारास ब्रिटनची बीबीसी आणि जपानची एनएचके या दोन सार्वजनिक संस्थांनी मिळून एचएलजी ही पद्धत तयार केली. २०१६ साली पीक्यूबरोबरच तिलाही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हिची युक्ती व्हालांसीच्या वळणाची आहे. संकेताचा खालचा अर्धा भाग जुन्या पद्धतीच्या बाकाशी मिळताजुळता ठेवला आणि वरच्या अर्ध्या भागात अधिकचे तेज दाबून बसविले. जुना संच खालचा भाग नीट वाचतो, वरचा भाग त्याच्या कुवतीप्रमाणे दाखवितो. येथेही एक अट आहे : नव्या, विस्तृत रंगव्याप्तीची ओळख संचाला नसेल तर रंग उतरलेले दिसतात. म्हणून एचएलजीचा हा लाभ मुख्यतः एचडीआर नसलेल्या, पण चांगल्यापैकी अलीकडच्या संचांना होतो. फार जुन्यांना नाही. तरीही ज्या संस्थांना सर्व नागरिकांच्या घरी एकच प्रक्षेपण पोचवावयाचे असते, त्यांनीच ही पद्धत काढली, ही गोष्ट योगायोगाची नाही. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाची निवड करता येते. सार्वजनिक प्रक्षेपकाला ती मुभा नसते.

तिसरा, दोन चुलींचा मार्ग इंटरनेटवरून चित्रपट पुरविणाऱ्या कंपन्यांनी धरला. एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती त्या तयार ठेवतात. आपला संच अथवा त्याला जोडलेली डबी "मला एवढेच वाचता येते" असे कळविते आणि तेवढीच प्रत तिला मिळते. काही डब्या तर दुभाष्याचेही काम करतात. नवा संकेत घेऊन त्याचे जुन्या मोजणीत रूपांतर करून देतात. दुभाष्याची ही सोय आपल्या परिचयाची आहे. २०१२ च्या अखेरीस मुंबईत आणि २०१३ मध्ये पुण्यासारख्या शहरांत केबलचे प्रक्षेपण अंकीय झाले, तेव्हा नळीचे जुने संच सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या वायरींवर पुढे चालत राहिलेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्या संचात एचडीआर मुळीच नाही, त्याला नव्या पद्धतीने अधिक तेज मिळणार नाही. लोट्यात घागरीचे पाणी मावत नाही. मिळाला तर एवढाच लाभ की, नवी प्रत काळजीपूर्वक उतरविलेली असेल तर तिचे रूपांतरही थोडे बरे दिसते. हा लाभ खरा आहे. पण त्यासाठी कोणी वेगळे पैसे मोजावेत इतका मोठा नाही.

मात्र पहिल्या काही वर्षांतील एचडीआर संचांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील पुष्कळांचे तेज तीनशे-चारशे निटांचेच होते, आणि चित्रपट मात्र १,००० किंवा ४,००० निटांचा हिशोब धरून तयार केलेले असतात. एचडीआर-१० मध्ये संपूर्ण चित्रपटासाठी एकच सूचना बरोबर येते. त्यामुळे एखाद्या स्फोटाच्या दृश्यासाठी केलेली तडजोड बाकीच्या काळोख्या दृश्यांनाही सोसावी लागू शकते. डॉल्बी व्हिजन आणि २०१७ मध्ये जाहीर झालेली एचडीआर-१० प्लस या पद्धती दृश्यागणिक वेगळी सूचना देतात. हिचा उपयोग अधिक कोणाला? तेजस्वी, महागड्या संचाला तडजोड थोडी करावी लागते, म्हणून त्याला सूचनेची गरजही कमी. दुबळ्या संचालाच तिची गरज अधिक. परंतु ती सूचना वाचण्याचे ज्ञान संचात असले पाहिजे, आणि ते घालणे न घालणे कारखानदाराच्या हाती असते. कित्येक संचांना विक्रीनंतर नव्या आज्ञावलीने एचएलजी वाचता येऊ लागली. म्हणजे पडदा तोच, काच तीच, आणि तरी संच अधिक समर्थ झाला. हे ज्यांच्या बाबतीत झाले नाही, त्यांच्या बाबतीत अडचण दर वेळी यंत्राचीच होती असे म्हणता येणार नाही.

तेव्हा खरेदीस निघालेल्या श्रोत्यांनी डब्यावरील नावे मोजण्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात : या संचाचे प्रत्यक्ष तेज किती, आणि पुढील किती वर्षे याला नवी आज्ञावली मिळत राहील. आणि जुना संच घरी आहे त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी तयार केलेली प्रत त्याला द्यावी, म्हणजे तो आपले काम चोख करील.

राहता राहिली नागरिक म्हणून करावयाची गोष्ट. प्रमाणपद्धती कशी असावी हे समित्यांत ठरते आणि तिचे बरेवाईट फळ घराघरांत भोगावे लागते. १९५३ मध्ये जुन्या संचांची आठवण ठेवली गेली, याचे कारण १९५१ चा धडा ताजा होता. १९८२ मध्ये आपल्याकडील कृष्णधवल संच बाद झाले नाहीत, ते याच आठवणीमुळे. उद्या सार्वजनिक प्रक्षेपणाची नवी पद्धत ठरू लागेल, तेव्हा "जुन्या संचावर काय दिसेल?" हा प्रश्न तज्ज्ञांच्या बरोबरीने आपणही विचारला पाहिजे, आणि तोही संकेत ठरून जाण्यापूर्वी.