रूबीने काय रंगवले?

लहान मुलांना इतिहास शिकवताना चित्रे काढून घ्यावीत, नाटुकली बसवावीत, हे आपण शिक्षक मंडळी सहज मान्य करतो. अशा कृतींमध्ये बोलते कोण, मूल की आपण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा इतिहास आपल्याला याच प्रश्नाशी आणून सोडतो.

१४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस न्यू ऑर्लिन्समधील एका प्राथमिक शाळेत दाखल झाली. तोवर ती शाळा केवळ गोऱ्यांची होती. दाराशी शिव्याशाप देणारा जमाव होता आणि रूबीसोबत केंद्र सरकारचे मार्शल. बहुतेक गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून घेतली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर रूबीला एकटीलाच शिकवले. १९६४ साली नॉर्मन रॉकवेल यांनी या प्रसंगावर प्रसिद्ध चित्र केले. त्यात मार्शलांची डोकी चौकटीबाहेर राहिली आहेत आणि पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी ताठ मानेने चालते आहे.

आता रूबीची स्वतःची चित्रे पाहू. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स तिला भेटत, तेव्हा तिच्यापुढे कागद आणि रंगखडू ठेवत. तिने काढलेली गोरी माणसे मोठी आणि सर्वांगपूर्ण असत. काळी माणसे लहान, कुणाला बोटे नाहीत, कुणाचा कान राहून गेलेला. काळा-तपकिरी रंग ती बराच काळ केवळ जमिनीसाठी वापरत असे. रॉकवेल यांची रूबी निर्भय आहे. रूबीच्या खडूने त्या धैर्याची किंमत नोंदवली. वर्गात आपण पहिले चित्र दाखवतो आणि दुसऱ्याला विसरतो.

याउलट दिशेचा प्रयोग १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत झाला. चाळीसच्या आसपास 'स्वातंत्र्यशाळा' भरल्या. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी आले. त्यांनी चक्रमुद्रित वृत्तपत्रे काढली. होली स्प्रिंग्जच्या मुलांनी आदल्या वर्षी हत्या झालेल्या मेडगर एव्हर्स यांच्यावर नाटक रचले. मॅककोम्बमध्ये बॉम्बच्या भीतीने शाळेला जागा द्यायला कोणी धजेना; तेव्हा सोळा वर्षांच्या जॉइस ब्राउनने कविता लिहून वडीलधाऱ्यांनाच जाब विचारला. जागा मिळण्यास त्या कवितेचा हातभार लागला. येथे कविता हा इतिहासाच्या धड्याखालचा स्वाध्याय राहिला नाही. ती इतिहासाचाच भाग झाली.

थोर व्यक्तीचे छापील रेखाचित्र रंगवायला दिले की मुलाला रंग निवडता येतो, प्रश्न निवडता येत नाही. नायक तयार असतो, शेवट गोड असतो, आणि अन्याय कुणी केला हे कागदाच्या बाहेरच राहते. मुले लहान आहेत म्हणून आपण इतिहास सौम्य करतो खरे. पण तो सोसणारी रूबी सहाच वर्षांची होती. तेव्हा कागद कोरा द्यावा, आणि मुलाने चित्रात कोण लहान काढले, कोण वगळले, हे त्याच्याशेजारी बसून विचारावे. इतिहासाचा तास तेथून सुरू होतो, असे आम्हाला वाटते.