सुरण, ताक आणि मूळव्याध : एका भेदाचे विस्मरण

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील भाजीबाजारांत फोडी करून विकल्या जाणाऱ्या सुरणाचे संस्कृत नाव ‘अर्शोघ्न’, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा. घरगुती उपचारांची भिस्त प्रामुख्याने या नावावरच राहिली. ग्रंथांचे म्हणणे मात्र अधिक सावध आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात सुरणाची स्तुती आहे. त्याचबरोबर रक्तपित्ताच्या रुग्णास तो अहितकर असल्याचेही नमूद आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून 1941 मध्ये वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली चरकसंहिता प्रसिद्ध झाली. तिच्या चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात शुष्क व स्रावी अर्श निराळे मानले आहेत. वात-कफप्रधान अर्शात ताक श्रेष्ठ ठरविले आहे, तर रक्तार्शात लोणी व तीळ यांचे नित्य सेवन सांगितले आहे. संहिता छापून आली, तरी लोकव्यवहारात सुरणाचे नाव तेवढे राहिले. अट गळून पडली. (तो घशाला खाजतो म्हणून चिंच वा आमसूल घालण्याची दक्षता मात्र प्रत्येक स्वयंपाकघराने जपली!) हे विस्मरण निरुपद्रवी नाही. गुदमार्गे होणारा रक्तस्राव आतड्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकतो आणि घरगुती उपचारांत निदानाचा मोलाचा काळ निघून जातो. सुश्रुताने तर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगताना औषधाचे क्षेत्र नुकत्याच उद्भवलेल्या, अल्पदोषयुक्त अर्शापुरतेच राखले होते.