पाणी माळावर चढलं आणि बांध गेले

निपाणीहून कागलकडे जाताना उताराच्या रानांत आडवे बांध दिसतात. वाडे-किल्ले बघायला आपण मुद्दाम जातो, या बांधांकडे मात्र कुणी बघत नाही.

उतारावर ताल घालून माती अडवणं हे जुनंच काम. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) महात्मा फुल्यांनी लष्कर-पोलिसांतल्या शिपायांना या कामाला लावा, असं सुचवलं होतं. सरकार हललं ते फार उशिरा. मुंबईचा जमीन सुधारणा योजना कायदा आला १९४२ साली. त्यातून झालेल्या बांधबंदिस्तीच्या खर्चाचा वाटा शेतकऱ्याकडूनही वसूल व्हायचा.

निपाणी तेव्हा बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात, म्हणजे मुंबई प्रांतात. शेजारचं कागल कोल्हापूर संस्थानात, तिथं हा कायदा नाही. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, हद्द पुसली. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि पुन्हा दोन दप्तरं झाली. सीमाप्रश्नावर एवढं लिहिलं गेलं, त्यात बांधाचा उल्लेख शोधून सापडायचा नाही!

ते बांध होते पावसाच्या पाण्यासाठी. समपातळीत घातलेले, जादा पाण्याला दगडी सांडवा. जिरायत तंबाखूच्या रानात त्यांची गरजही मोठी, कारण कुळवून-कोळपून भुसभुशीत केलेली उघडी माती एका वळवात ओढ्याला लागते.

पुढं वेदगंगा-दूधगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, काळम्मावाडीचं धरण झालं, उपसा योजनांनी पाणी माळावर चढवलं. ऊस आला. लांब सरी सोडायला बांध आडवा येतो, म्हणून तो मोडला. सरी उताराच्या दिशेनं काढली की दारं धरणं सोपं, पाणी सरसर पळतं. पण तेच पळतं पाणी दर पाळीला माती खरवडतं. पाऊस चार महिन्यांचा, पाट वर्षभराचा. वरच्या टोकाला मुरूम उघडा पडतो आणि खालच्या टोकाला गाळ साचतो.

उपाय जुन्या माणसांना ठाऊक होता: सरी उताराला आडवी, तिला अगदी थोडा ढाळ, पाण्याची धार बारीक. बांधावर वाळा लावला तर मुळ्या माती धरतात. याच राज्यात गुंडलुपेटकडचे शेतकरी हद्दीला पिढ्यान्‌पिढ्या वाळाच लावत आले.

कुणाच्या घरी जुन्या सात-बाऱ्याबरोबर बांधबंदिस्तीच्या वसुलीची पावती किंवा नोटीस असेल, तर मंडळाला जरूर दाखवा. कुठल्या शिवारात बांध कधी पडले, याची नोंद आता अशा कागदांवरूनच करता येईल.