गिंपची हत्यारपेटी

संगणकाच्या पडद्यावर एखादें बटण दाबलें असतां तें किंचित् आंत गेल्यासारखें दिसतें, मेनू उघडावा म्हटलें तर तो खालीं उलगडतो, आणि मजकूर लांब असल्यास कडेला एक सरकपट्टी आपोआप उभी राहते. हें सारें नित्य परिचयाचें झाल्यामुळें त्यामागें कोणाचे तरी हात राबले असतील हें मनांतहि येत नाहीं. प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक मनुष्य हीं बटणें स्वतः रेखाटीत बसत नाहीं. तयार सामानाच्या एका संचांतून तो तीं उचलतो. या संचास 'टूलकिट', म्हणजे हत्यारपेटी, म्हणतात. जी. टी. के. या नांवाच्या अशा एका पेटीचा जन्म अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें झाला, आणि तो कोणाच्या महत्त्वाकांक्षेंतून न होतां एका अडचणींतून झाला.

ती अडचण समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. युनिक्स जातीच्या संगणकांवर पडद्याचा कारभार पाहणारी 'एक्स विंडो' ही व्यवस्था एम. आय. टी. या संस्थेंत १९८४ सालीं सुरू झाली. तिच्या कर्त्यांनीं एक मर्यादा जाणूनबुजून पाळली होती. खिडकी कोठें उघडावी, रेघ कशी ओढावी, इतकीं साधनें द्यावयाचीं. बटण कसें दिसावें व कसें वागावें हें ठरवावयाचें नाहीं. ही रिकामी जागा अनेकांनीं भरूं पाहिली, आणि त्यांत 'ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन' या संघाची 'मोटिफ' ही पेटी सर्वांत प्रबळ ठरली. परंतु तिचा परवाना विकत घ्यावा लागे. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांबरोबर ती येतच असल्यानें तेथें हें कोणास जाणवत नसे. जाणवलें तें लिनक्स वापरणारांस. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केलेली ही प्रणाली घरच्या साध्या संगणकावर फुकट चाले. मोटिफ मात्र तिच्याबरोबर नसे.

बर्कलेच्या विद्यापीठांत स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी १९९५ सालीं चित्रांवर संस्कार करण्याचा 'गिंप' नांवाचा प्रोग्राम लिहीत होते. १९९६ च्या आरंभीं त्याची ०.५४ ही आवृत्ति लोकांच्या हातीं आली. तींतील बटणें व मेनू मोटिफचे होते, आणि येथेंच कोंडी झाली. गिंपचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणासहि फुकट मिळे. तो यंत्राच्या भाषेंत उतरविणारा कंपायलरहि फुकट मिळे. पण मोटिफ विकत घेतल्यावांचून घरीं गिंप बांधतां येत नसे. उपाय म्हणून मोटिफ आंत मुरवूनच बांधलेला तयार गिंप वाटण्यांत येई. म्हणजे जेवणाचें ताट मिळालें, चूल मिळाली नाहीं. ज्यास एखादा दोष काढावयाचा असेल, एखादी सुधारणा करावयाची असेल, त्याचे हात बांधलेलेच राहिले. आणि अशा हातांवरच तर गिंपचें भवितव्य अवलंबून होतें.

मॅटिस मोटिफला अगदीं कंटाळले. गिंपला लागणारीं बटणें, मेनू व पट्ट्या त्यांनीं स्वतःच लिहून काढल्या. गिंपची हत्यारपेटी म्हणून तिचें नांव 'गिंप टूलकिट', संक्षेपानें जी. टी. के.; एक्स विंडोशीं बोलणारा खालचा थर तो जी. डी. के. त्याच वर्षींची गिंपची ०.६० आवृत्ति हिच्यावर उभी होती. पुढें पेटीची नवी रचना करून नांवापुढें अधिकाचें चिन्ह लावण्यांत आलें, आणि १.० ही आवृत्ति एप्रिल १९९८ मध्यें बाहेर पडली. निव्वळ वैतागापोटीं केलेलें काम इतकें टिकाऊ निघावें हें नवलच.

दरम्यान तिला मोठें घर मिळालें होतें. ऑक्टोबर १९९६ मध्यें मॅथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानें 'के. डी. ई.' हा संपूर्ण पडदा उभारण्याचा संकल्प जाहीर केला. त्यासाठीं निवडलेली 'क्यूट' ही पेटी नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीची होती. ती फुकट वापरतां येई, पण तिच्यांत बदल करून ती इतरांस वाटण्याची मोकळीक नव्हती. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्यें मेक्सिकोचे मिगेल द इकाझा व फेदेरिको मेना यांनीं 'ग्नोम' हा प्रतिस्पर्धी उपक्रम जी. टी. के. च्या पायावर घोषित केला. वाद बराच कडवट झाला. २००० सालीं क्यूटहि जी. पी. एल. या मुक्त परवान्याखालीं आली, हें त्या कडवटपणाचें फळ म्हटलें तर चुकीचें होणार नाहीं.

परवानगी मिळाली म्हणजे पेटी घरांत आली असें मात्र नव्हे. सोर्स कोडची गठडी उतरवून घ्यावयाची, सोडावयाची, आणि तीन आज्ञा द्यावयाच्या: 'कॉन्फिगर', 'मेक' व 'मेक इन्स्टॉल'. पहिली यंत्राची झडती घेई. कंपायलर आहे काय, अमुक लायब्ररी आहे काय, अशा प्रश्नांचीं होय-नाहीं उत्तरें ओळीमागून ओळ पडद्यावरून सरकत. दुसरी प्रत्यक्ष बांधकाम करी. तें चालू असतां जेवण उरकून घेणें शहाणपणाचें असे. तिसरी तयार वस्तु ठराविक जागीं नेऊन ठेवी. क्रमहि ठरलेला: अगोदर 'जीलिब' हा पाया, मग वरची पेटी. क्रम चुकला कीं पहिलीच आज्ञा अडून बसे.

याहून फसवा घोटाळा जागेचा होता. लिनक्सबरोबर आलेली जुनी पेटी 'यूएसआर' या कप्प्यांत असे, आणि हातानें बांधलेली नवी त्यांतल्या 'लोकल' मध्यें जाई. बांधकाम बिनचूक होऊनहि प्रोग्राम जुनीच पेटी उचली, किंवा लायब्ररी सांपडत नाहीं म्हणून सुरूच होत नसे. नव्या जागेची नोंद 'एलडी-कॉन्फिग' या आज्ञेनें करावयाची राहून गेली, पुष्कळदां एवढेंच कारण. एवढ्याशा कारणासाठीं किती संध्याकाळी वायां गेल्या असतील!

मार्च २००२ मध्यें २.० ही आवृत्ति आली तेव्हां बांधावयाच्या थरांत 'पँगो' या थराची भर पडली. सर्व या अर्थाचा ग्रीक शब्द व भाषा या अर्थाचा जपानी शब्द जोडून हें नांव केलें आहे. मराठी माणसाचा या इतिहासाशीं खरा संबंध येथें येतो. आधींची पेटी अक्षरें छापखान्यांतील खिळ्यांप्रमाणें एकापुढें एक मांडीत असे. इंग्रजीस तें पुरे. देवनागरीस पुरत नाहीं. 'किती' या शब्दांत ऱ्हस्व इकार उच्चारांत व साठवणींत 'क'च्या मागून येतो, पण काढावा लागतो त्याच्या आधीं. 'सूर्य' मधला 'र' साठवणींत 'य'च्या आधीं, आणि दिसतो मात्र 'य'च्या माथ्यावर रफार होऊन. हा फेरफार पँगो करी. योग्य फाँट जवळ असला म्हणजे या पेटीवर रचलेल्या प्रोग्रामांत, त्याच्या कर्त्यास देवनागरीचें एक अक्षर ठाऊक नसलें तरी, मराठी नीट उमटूं शके.

पुढें ३.० ही आवृत्ति २०११ मध्यें व ४.० डिसेंबर २०२० मध्यें निघाली. 'कॉन्फिगर'ची जागा 'मेसन' या साधनानें घेतली. आतां बहुतेकांस ही पेटी बांधावी लागत नाहीं. लिनक्सच्या भांडारांतून ती सर्व थरांसह एका आज्ञेनें येते. मोटिफहि २०१२ सालीं मुक्त परवान्याखालीं आली. तोंवर तिची वाट पाहणारें फारसें कोणी उरलें नव्हतें. गिंप मात्र आपल्याच पेटीच्या मागें पडला. ती चौथ्या आवृत्तीपर्यंत पोंचली तरी तो दुसरीवरच काम करीत राहिला, आणि तिसरीवर आला तो मार्च २०२५ मध्यें.