नीरा कालव्याच्या प्रदेशातील स्थलांतर आणि शरीर

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहता झाला आणि बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त मुलखाचे बागायत व जिरायत असे दोन भाग पडले. कालव्याच्या पाण्यावर ऊस लावण्यात सासवडकडून आलेले माळी आघाडीवर होते. पुढे १९३० च्या दशकात कळंबजवळ वालचंदनगर वसले आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले, तेव्हा ऊसतोडीसाठी बीड-नगरकडून टोळ्या येऊ लागल्या व त्यांत वंजारी समाजाचा भरणा मोठा होता. या इतिहासातील विलक्षण योगायोग असा की, दिवाळीनंतर या टोळ्या बागायतीत उतरतात त्याच सुमारास जिरायत पट्ट्यातील धनगरांचे वाडे, म्हणजे कुटुंबांचे तांडे, मेंढरांसह कोकणाच्या वाटेला लागतात.

दोन्ही समाज शासनदरबारी भटक्या जमातींतच मोडतात, पण त्यांची भटकंती एका प्रकारची नाही. धनगर शेतात मेंढरे बसवून त्या बदल्यात धान्य घेतो आणि रोजची वाटचाल बहुधा मेंढरांच्या चालीने करतो. ऊसतोडीत मात्र नवरा-बायकोची जोडी हा एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता पहाटेच्या थंडीत फडात शिरतो, मोळ्या डोक्यावरून वाहनात चढवतो, सकाळी थापलेली भाकरी दुपारी गार खातो, आणि भूक व शीण मारायला तंबाखू जवळ असतेच.

अशा कष्टांचा माग आता पेशीतही काढता येतो. श्वसनाच्या ओघात पेशीत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते डीएनएमधील ग्वानीन या घटकाला बिघडवतात आणि शरीर हा बिघडलेला अंश कापून लघवीवाटे बाहेर टाकते. ‘आठ-ओएचडीजी’ या नावाने मोजला जाणारा हा अंश धूम्रपानाने आणि शरीर पार थकवणाऱ्या श्रमाने वाढतो, तर नियमित बेताच्या श्रमाने शरीराची प्रतिकारव्यवस्था बळकट होते.

स्थलांतरितांच्या आरोग्याचा विचार करताना गाव सोडून शहरात कायमचे गेलेल्यांची तुलना गावी राहिलेल्यांशी करण्याचा प्रघात आहे. नीरेच्या खोऱ्यात ही चौकट अपुरी पडते, कारण येथे एकच माणूस वर्षातले काही महिने फडावर व उरलेले गावाकडे काढतो. आणि लघवीतील हे माप अलीकडच्या दिवसांतील झीज सांगत असल्याने, जानेवारीत कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, घेतलेला नमुना आणि जुलैत त्याच माणसाचा त्याच्या गावी घेतलेला नमुना यांना एकाच जीवनशैलीचे दाखले मानता येत नाही.